टेम्पीचं मलेट अरीना : ४,६०० खुर्च्यांतली एनएचएल

टेम्पी म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्सला लागून असलेलं शहर. फिनिक्सच्या स्काय हार्बर विमानतळावर उतरलात की टॅक्सीच्या रांगेत उभं राहू नका. स्काय ट्रेन फुकट आहे. तिनं ४४ व्या रस्त्याच्या स्थानकावर जायचं आणि तिथून व्हॅली मेट्रोची मेसाकडे जाणारी गाडी पकडायची. टेम्पी टाउन लेकवरचा पूल ओलांडला की व्हेटरन्स वे–कॉलेज ॲव्हेन्यू हे दुसरं स्थानक येतं. तिथून फुटबॉल स्टेडियमला वळसा घालून दहा-बारा मिनिटं चाललं की मलेट अरीना, आइस हॉकीचं बंदिस्त मैदान. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल सामना असेल तर गाडी आणूच नका, पार्किंगसाठीच तास जाईल.

ही इमारत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीची. विद्यापीठाच्या आइस हॉकी संघासाठी बांधलेली, २०२२ मध्ये उघडलेली. खुर्च्या साधारण पाच हजार. याच इमारतीत २०२२ ते २०२४ असे दोन मोसम एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगचा, अख्खा व्यावसायिक संघ, ॲरिझोना कायोटीज, आपले घरचे सामने खेळला. एनएचएलमधल्या बाकीच्या मैदानांत पंधरा ते एकवीस हजार माणसं बसतात. इथे कायोटीजच्या सामन्याला बसायची ४,६००. वर्तमानपत्रांनी याची भरपूर टिंगल केली. मला ती कधीच पटली नाही. एनएचएलची आइस हॉकी इतक्या जवळून पाहायला मिळेल अशी दुसरी जागा त्या काळात नव्हती.

संघ इथवर आला तो जागेअभावी. १९९६ मध्ये विनिपेगहून फिनिक्सला आल्यावर तो शहराच्या मध्यातल्या बास्केटबॉलच्या इमारतीत खेळला. रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, बास्केटबॉलच्या कोर्टापेक्षा खूप लांब, त्यामुळे कित्येक खुर्च्यांवरून एका बाजूचा गोलच दिसत नसे. २००३ मध्ये संघ पश्चिमेकडच्या ग्लेंडेलला सतरा हजारांच्या नव्या अरीनात गेला. ती इमारत हॉकीसाठीच होती, पण तिकिटं घेणारे बरेच लोक राहायचे पूर्वेकडे, स्कॉट्सडेल, टेम्पी, चँडलर या बाजूला. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातचा सामना गाठायचा म्हणजे ऐन गर्दीत सगळं शहर आडवं पार करायचं. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये ग्लेंडेल नगरपालिकेनं करार पुढे चालवणार नाही असं कळवलं, आणि टेम्पीत स्वतःचं मैदान उभं राहीपर्यंत विद्यापीठाच्या इमारतीत राहायचं ठरलं.

छोटी जागा म्हटली की लोक खुर्च्याच मोजतात. खरी अडचण खुर्च्यांच्या मागे असते. एनएचएलच्या सामन्यात एका संघाचे वीस खेळाडू पोशाख करून उतरतात, अठरा स्केटर आणि दोन गोलरक्षक. त्यांच्यासाठी लॉकर रूम, ओलं सामान वाळवायची जागा, स्केटची पाती धारेला लावायचं यंत्र, डॉक्टरांची खोली, व्हिडिओची खोली, पंचांची वेगळी खोली एवढं लागतं, आणि पाहुण्या संघाला हेच सगळं पुन्हा. कॉलेजच्या इमारतीत एवढं नसतं. म्हणून कायोटीजनं स्वतःच्या खर्चानं शेजारी जोडइमारत बांधायला घेतली, पण ती मोसम सुरू होईपर्यंत पुरी झाली नाही. २८ ऑक्टोबर २०२२ ला विनिपेग जेट्सविरुद्ध पहिला सामना झाला तेव्हा पाहुण्यांसाठी शेजारच्या सरावाच्या रिंकच्या जागेत पडदे लावून तात्पुरत्या खोल्या केल्या होत्या. असे चार सामने उरकून संघ सलग चौदा सामने परगावी खेळायला गेला. ९ डिसेंबरला परतला तेव्हा नव्या खोल्या तयार होत्या, आणि त्याच दिवशी बलाढ्य बोस्टनला त्यांनी ४-३ असं हरवलं.

आता बर्फ. वाळवंटात बर्फ कसा टिकतो हा प्रश्न सगळेच विचारतात. रिंक ६१ मीटर लांब, २६ मीटर रुंद. खालच्या काँक्रीटमध्ये नळ्यांचं जाळं असतं आणि त्यांतून शून्याच्या बऱ्याच खाली गार केलेलं, न गोठणारं द्रावण फिरत राहतं. लादी पुरेशी थंड झाली की पाण्याचे बारीक फवारे मारत एकावर एक पातळ थर गोठवायचे. पहिल्या थरांवर पांढरा रंग देतात, नाहीतर खालचं करडं काँक्रीट दिसतं आणि काळा पक, म्हणजे खेळायची चकती, नजरेला सापडत नाही. त्यावर पाण्याचा थर, मग लाल-निळ्या रेषा, वर्तुळं, चिन्हं, आणि त्यावर पुन्हा पाणी. शेवटी जाडी भरते अडीच ते तीन सेंटिमीटर. एवढ्याशा जाडीलाही सुमारे चाळीस हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे आपल्याकडचे दहा हजार लिटरचे चार टँकर. घाई करून एकदम पाणी ओतलं तर बर्फात हवेचे बुडबुडे अडकतात आणि तो ठिसूळ होतो. थर जास्त जाड झाला तर खालचा गारवा वरपर्यंत नीट पोचत नाही, पृष्ठभाग मऊ पडतो. फार पातळ राहिला तर स्केटचं पातं थेट रंगापर्यंत जातं.

बाहेरच्या उकाड्यापेक्षा बर्फाचं खरं वैर दमट हवेशी आहे. ओलसर हवा आत शिरली की ती बर्फावर दंवासारखी बसते, पक अडखळतो, कधी तर धुकं धरतं. फिनिक्सची हवा ऑक्टोबर ते एप्रिल कोरडी असते, त्यामुळे या बाबतीत इथलं काम फ्लोरिडापेक्षा सोपं. मात्र आत बसलेली माणसंही हवा तापवतात. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो. ४,६०० माणसं म्हणजे साडेचारशे किलोवॉटची शेगडी, शिवाय त्यांच्या श्वासातली वाफ. छत जितकं खाली, तितका हा भार बर्फाच्या जवळ.

सामना तीन सत्रांचा. एनएचएलमध्ये दोन सत्रांच्या मध्ये अठरा मिनिटांची विश्रांती असते. तेव्हा पॉपकॉर्नच्या रांगेत जाऊ नका, खुर्चीवरच थांबा. झांबोनी यंत्र बर्फाचा वरचा खरवडलेला पापुद्रा पात्यानं काढतं, चरे धुतं आणि मागच्या ओल्या कापडानं गरम पाणी पसरतं, साधारण साठ अंशांचं. गार पाण्यानं काम का भागत नाही? गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते खालच्या बर्फाचा वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, म्हणून गोठल्यावर कडक आणि स्वच्छ होतं. यंत्र बाहेर गेल्यावरही बर्फ ओला चमकत असेल तर पुढच्या सत्राची पहिली दोन-तीन मिनिटं पास अडकताना दिसतील.

बसायचं कुठे? काचेला लागून पहिल्या रांगेचं तिकीट महाग असतं आणि माझ्या मते ते वाया जातं. तिथून आपल्या बाजूच्या काठालगतची झटापट छान दिसते, पण पलीकडच्या कोपऱ्यात काय चाललंय ते कळत नाही. लांब बाजूला, मैदानाचे तीन भाग करणाऱ्या दोन निळ्या रेषांपैकी एकीच्या आसपास, आठवी ते बारावी रांग घ्या. मोठ्या अरीनात या रांगा श्रीमंतांच्या असतात. इथे प्रेक्षागृह एकच स्तराचं आहे, त्यामुळे शेवटची रांगसुद्धा बर्फापासून फार लांब नाही. खेळाडू एकमेकांना घालत असलेल्या हाका ऐकू येतात, खेळाडू झटकन थांबल्यावर पात्याखालून उडणारा बर्फाचा चुरा दिसतो, आणि पक गोलाच्या खांबावर आदळला की तो टणत्कार छातीत जाणवतो. पक म्हणजे टणक रबराची चकती, साडेसात सेंटिमीटरहून किंचित जास्त रुंद, १५६ ते १७० ग्रॅम वजनाची. ती जास्त उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. दोन्ही टोकांना जाळ्या आहेत, बाजूला नाहीत, तेव्हा तिथे बसून मोबाइलमध्ये डोकं घालू नका.

दुसरं सत्र मन लावून पाहा. बाजू बदलल्यामुळे बचाव करणाऱ्या संघाचा बाक आपल्या गोलापासून लांब जातो. एक तुकडी साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळते आणि बदलते. लांबच्या बाकामुळे दमलेल्यांना बाहेर पडता येत नाही आणि नेमके तेव्हाच गोल होतात.

एका गोलामागे विद्यार्थ्यांचा उभा चढता भाग आहे. कायोटीजच्या काळात त्यांना २५ डॉलरची तिकिटं असत, बाकीच्यांचे दर मात्र चांगलेच चढे होते. या गोंगाटाचा उपयोगही झाला. पहिल्या मोसमात संघाचे घरच्या मैदानावर २१ विजय, परगावी फक्त ७. दुसऱ्या मोसमात तर त्यांनी स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, मागच्या पाच वेगवेगळ्या विजेत्यांना ओळीनं हरवलं : व्हेगस, टॅम्पा बे, कोलोरॅडो, सेंट लुईस, वॉशिंग्टन.

पण हिशेब जमेना. घरचे ४१ सामने गुणिले ४,६०० म्हणजे एक लाख ८८ हजार ६०० तिकिटं. सतरा हजारांच्या अरीनात हाच आकडा सात लाखांच्या घरात जातो. ही तूट दोन-तीन वर्षं सोसायची तर पुढे पक्कं घर हवं. टेम्पीतल्या जुन्या कचरा डेपोच्या ४६ एकर जागेवर ते होणार होतं. १६ मे २०२३ ला टेम्पीच्या मतदारांनी त्यासाठी मांडलेले तिन्ही प्रस्ताव फेटाळले आणि तात्पुरत्या मुक्कामाला पुढचं गावच उरलं नाही. १७ एप्रिल २०२४ ला एडमंटनला ५-२ हरवून कायोटीज इथला शेवटचा सामना खेळले. दुसऱ्याच दिवशी सॉल्ट लेक सिटीला जाण्यावर लीगनं शिक्कामोर्तब केलं. इमारतीनं आपलं काम चोख केलं होतं. दोष तिच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

आज इथे विद्यापीठाचा संघ खेळतो, ऑक्टोबर ते मार्च, बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी. तोच बर्फ, त्याच खुर्च्या. टेम्पीत शिकणाऱ्या किंवा चँडलरला नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना ही संध्याकाळ अगदी दाराशी आहे. बाहेर पस्तीस अंश असले तरी जाड जॅकेट आणि मोजे घ्या, आणि बॅग पारदर्शक असू द्या.

एनएचएलच पाहायची असेल तर तोच संघ आता युटा मॅमथ नावानं सॉल्ट लेकच्या डेल्टा सेंटरमध्ये खेळतो. तीही मुळात बास्केटबॉलची इमारत. पहिल्या मोसमात तिथल्या साधारण ११,००० खुर्च्यांवरूनच सगळा बर्फ दिसत होता. तिकीट काढताना ‘सिंगल गोल व्ह्यू’ असं लिहिलेलं दिसलं तर ते स्वस्त का आहे ते समजून घ्या, आणि चार पैसे जास्त टाकून दोन्ही गोल दिसतील अशीच खुर्ची घ्या.