तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रिप्ट डेटा का ठेवते?

“सर, तुमची स्क्रिप्ट मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर काढते, मग डेटा फोल्डर का ठेवते? अर्धंच काम?” अंबडपासून ओझरपर्यंत हाच प्रश्न.

मुद्दाम ठेवते. माझी जुनी स्क्रिप्ट सगळं पुसायची. एकच ओळ: आरएमडीआयआर /एस /क्यू (आतल्या सगळ्यासकट फोल्डर न विचारता पुसा) आणि पुढे %डीबीहोम%\डेटा. डीबीहोम हे व्हेरिएबल, त्यात डेटाबेसच्या फोल्डरचा मार्ग. मला तेव्हा ती फार नेटकी वाटायची.

मग पिंपळगाव बसवंतचं एक पॅकिंग हाऊस, ऐन द्राक्षांचा हंगाम. तिथलं रोजचं लॉगिन साधं. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केल्यावर विंडोजने अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड मागितला, ऑपरेटरने दिला. घात इथेच झाला. डीबीहोम साध्या खात्यापुरताच नोंदवलेला. स्क्रिप्ट चालली अ‍ॅडमिनच्या खात्यात आणि तिथे तो रिकामा. रिकाम्या व्हेरिएबलवर बॅच फाइल (माझी स्क्रिप्ट तीच) कुरकुरत नाही. उरलं नुसतं \डेटा. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेली बॅच फाइल सुरू होते विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरातून, म्हणजे सी ड्राइव्हवर, आणि सी ड्राइव्हवर ‘डेटा’ फोल्डर होतंच: वजनकाट्याच्या पावत्यांचं. /क्यूमुळे विचारणा नाही, रीसायकल बिनमध्येही काही जात नाही. काढायचा डेटाबेस मात्र सुखरूप!

ऑपरेटर चुकला, असं मी तेव्हा म्हणालो. त्याने सांगितलं तेच केलं होतं.

आता स्क्रिप्ट आधी ‘नेट सेशन’ या आज्ञेने अ‍ॅडमिन हक्क तपासते, मग स्वतःच्या फोल्डरात येते. डीबीहोम रिकामा असेल किंवा डेटा फोल्डरात मायएसक्यूएलची खूण म्हणजे आयबीडेटा१ फाइल नसेल, तर तिथेच थांबते. मग मायएसक्यूएलडम्पने बॅकअप, म्हणजे डम्प, सगळ्या डेटाबेसांचा, रूटीन्स आणि इव्हेंट्स (डेटाबेसात साठवलेले छोटे प्रोग्रॅम आणि ठरल्या वेळची कामं) मागून घेऊन. न मागता ते येत नाहीत. डम्पच्या शेवटी ‘डम्प कम्प्लिटेड’ ओळ दिसली, तरच मायएसक्यूएलची सर्व्हिस (विंडोजमध्ये मागे चालणारा प्रोग्रॅम) बंद करून काढते. हे हाताने करणार असाल तर पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-खिडकीत सर्व्हिस काढायला नुसतं ‘एससी डिलीट’ लिहू नका, ‘एससी डॉट ईएक्सई डिलीट’ लिहा. पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत एससी म्हणजे सेट-कन्टेंट, फाइलीत मजकूर लिहिणारी आज्ञा. सर्व्हिस जागेवरच राहते आणि ‘डिलीट’ नावाची फाइल तेवढी तयार होते.

तुमची तक्रार खोटी नाही. जुना डेटा तसाच ठेवून मायएसक्यूएल पुन्हा टाकलं, की इन्स्टॉलर रूट म्हणजे मुख्य खात्याचा जुना पासवर्ड मागतो, आणि तो कुणाला आठवतो? म्हणून आधी फोल्डरच्या नावाला तारीख जोडा. पण अशी फोल्डरं साचतात, डिस्क भरते. त्यांच्यासाठी स्क्रिप्ट लिहिलेली नाही. पूर्ण मार्ग दोनदा वाचून हातानेच पुसतो.