तुम्ही विचारलंत म्हणून : शस्त्रक्रियेआधी घोटभर पाणीसुद्धा का नाही?

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ म्हणून रुग्णाला तपासायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, जेवायचं नाही हे समजलं, पण घोटभर पाणीसुद्धा का नाही?" माझे उत्तर असे की, बहुतेक रुग्णांना भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी प्यायला हरकत नसते, आणि आमच्या शास्त्राने याचा पुरावा १९८० च्या दशकातच गोळा करायला सुरुवात केली होती.

उपाशी ठेवण्यामागचे कारण मात्र खरे आहे. भूल चढली की खोकण्याची आणि गिळण्याची शक्ती थांबते, आणि अशा वेळी जठरातले अन्न किंवा आम्ल घशाशी आले तर ते थेट फुप्फुसात उतरू शकते. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ गरोदर स्त्रियांच्या नोंदींतून असे ६६ प्रसंग मांडले. त्यांतल्या दोघी दगावल्या, आणि दोघींचाही श्वासमार्ग घन अन्नाने बंद झाला होता. तेव्हा भूल बहुधा मास्कने दिली जाई, आजच्यासारखी श्वासनलिकेत नळी घालून नव्हे. जेवण नको, हा धडा त्यातून मिळाला आणि तो आजही योग्यच आहे. परंतु त्याच्याबरोबर पाणीही बंद झाले. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी तर १८८३ मध्येच लिहून ठेवले होते की, क्लोरोफॉर्म देताना पोटात घन अन्न नसावे, मात्र सुमारे दोन तास आधी कपभर चहा दिलेला हितकारक असतो. हा भेद पुढे पुसला गेला आणि 'रात्री बारानंतर काही नाही' एवढेच उरले.

त्यात एका आकड्याची भर पडली. जठरात २५ मिलिलिटरपेक्षा अधिक आम्लधर्मी द्रव असेल तर रुग्ण धोक्यात, असे भूलशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी पाठ केले. १९७४ च्या ज्या निबंधातून हा आकडा आला, त्याचा आधार होता माकडावरचा प्राथमिक प्रयोग, आणि त्यातही आम्ल थेट फुप्फुसात सोडलेले होते. जठरात असलेला द्रव आणि फुप्फुसात पोहोचलेला द्रव यांत केवढे अंतर आहे! इतक्या तोकड्या पायावर उभा असलेला आकडा अनेक वर्षे कोणी तपासला नाही, याची खंत मला आजही वाटते.

तो तपासला गेला तो रुग्णांवरच. कॅनडातल्या कॅलगरी येथे माल्टबी आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी दिले, काहींना दिले नाही, आणि भूल दिल्यानंतर नळीने जठरातला द्रव काढून मोजला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाणी प्यायलेल्यांच्या जठरात उपाशी असलेल्यांपेक्षा जास्त द्रव सापडला नाही. पुढे अशा अभ्यासांची रीघ लागली, आणि १९९९ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नियम लिहिले : पाण्यासारखे पारदर्शक द्रव दोन तास आधीपर्यंत, आईचे दूध चार तास, इतर दूध व हलका आहार सहा तास, तेलकट-तुपकट जेवण आठ तास किंवा त्याहूनही अधिक.

आपल्याकडे घोटाळा होतो तो चहापाशी. "काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला," असे नातेवाईक अगदी प्रामाणिकपणे सांगतात. युरोपातल्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत दूध घातलेला चहा अनेक तज्ज्ञांनी चालवून घेतला आहे, पण दूध एक पंचमांशापर्यंत असेल तरच. आपला निम्म्या दुधात उकळलेला चहा त्या हिशेबात बसत नाही. त्याला दूधच समजायचे आणि सहा तास थांबायचे. ताक आणि पेज हेही पारदर्शक द्रव नव्हेत.

मग वॉर्डात अजूनही सर्वांना रात्री बारापासून कोरडे का ठेवतात? शस्त्रक्रियांचा क्रम ऐनवेळी बदलतो, आणि सिस्टरना सर्व खाटांसाठी एकच वेळ सांगणे सोपे जाते. शिवाय पाणी प्यायल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली तर बोल लागतो, तहानेने व्याकूळ झाल्याबद्दल मात्र कोणी जाब विचारत नाही. याची किंमत लहान मुले मोजतात. दुपारी दोन वाजता टेबलावर आलेल्या मुलाचे ओठ सुकलेले असतात, ते रडून थकलेले असते आणि हातावर शीर सापडत नाही. मुलांना तासभर आधीपर्यंत पाणी द्यावे, असे युरोपातल्या बालभूलतज्ज्ञांनी २०१८ मध्ये एकत्रितपणे सांगितले आहे.

गर्भवती स्त्री प्रसूतिकळांत असेल, आतड्याला अडथळा असेल, अपघात झालेला असेल किंवा जुन्या मधुमेहाने जठर मंदावले असेल, तर हे तास लागू पडत नाहीत. तिथे आम्ही सोनोग्राफीची मदत घेतो. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून बरगड्यांच्या खाली प्रोब ठेवला की जठराचा खालचा भाग दिसतो : रिकामा असेल तर लहानसे जाड कडे, पाणी असेल तर काळा फुगीर गोल, आणि अन्न असेल तर पांढुरके, धुरकट.

गेल्या काही वर्षांत मधुमेहासाठी आणि वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखी औषधे आली, आणि जुना प्रश्न नव्याने उघडला. या औषधांमुळे जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे नियमाप्रमाणे उपाशी असलेल्या काही रुग्णांच्या जठरातही अन्न सापडते. २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन आठवडाभर आधी बंद ठेवावे, असा सल्ला निघाला. २०२४ मध्ये तो सैल होऊन, बहुतेकांनी औषध चालू ठेवावे आणि धोका अधिक असलेल्यांनी आदल्या दिवशी केवळ द्रव आहार घ्यावा, असे ठरले. म्हणून पाणी किती वाजेपर्यंत चालेल हे तुमच्या भूलतज्ज्ञांना नेमक्या वेळेसह विचारा, आणि असे इंजेक्शन घेत असाल तर ते त्यांना आधी सांगा.