अर्धवट घराचा राजा

तुर्कस्तानातल्या ट्रॉयला आम्ही दोन दिवस दिले, पण त्याबद्दल इथे फारसं लिहायचं नाही. तटबंदी पाहिली, ऊन मी म्हणत होतं, लाकडी घोड्यापाशी फोटोसाठी रांग होती. लिहायचंय ते दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या पलीकडच्या एका बुटक्या टेकाडाबद्दल. तिथे आम्हा दोघांखेरीज पाहुणं असं कोणीच नव्हतं.

आदल्या दिवशी ट्रॉयजवळच्या चानाक्काले शहरात एका टूरवाल्याला या टेकाडाबद्दल, काराआचतेपेबद्दल, विचारलं, तर "तिथे बघण्यासारखं काही नाही" म्हणून त्याने विषयच संपवला. मला ते फार लागलं. शेवटी फेरीने पलीकडच्या किनाऱ्यावर किलितबाहिरला उतरून टॅक्सी केली. तिच्या भाड्यात ट्रॉयचे दोन्ही दिवस निघाले असते, पण त्याची हळहळ वाटली नाही.

या टेकाडाखाली प्रोटेसिलाओसला पुरलंय अशी जुनी समजूत. ग्रीसमधल्या थेसलीतल्या फिलाकीचा हा राजा ४० गलबतं घेऊन ग्रीकांच्या बाजूने ट्रॉयच्या युद्धाला निघाला. ट्रॉयच्या मातीला ज्याचा पाय आधी लागेल तो आधी मरेल, असं भाकीत होतं. गलबतं किनाऱ्याला लागली, पण उतरेना कोणी. एका कथेत ओडिसियस हा दुसरा ग्रीक राजा आपली ढाल वाळूवर टाकतो आणि तिच्यावर उडी मारतो, म्हणजे पाय मातीला लागायलाच नको! ही कथा वाचल्यापासून तो माझ्या मनातून उतरला तो उतरलाच. प्रोटेसिलाओसने सरळ मातीवर उडी घेतली आणि तो तिथेच पडला.

या युद्धावरच्या होमरच्या इलियड महाकाव्यात त्याच्या वाट्याला जेमतेम दहा-बारा ओळी आल्यात. युद्धाची नववी-दहावी वर्षं चालू असताना होमर गलबतांची यादी सांगतो, तेव्हा हा केव्हाच काळ्या मातीखाली गेलेला असतो. मागे उरलेलं काय, तर फिलाकीत दुःखाने दोन्ही गाल ओरबाडून घेतलेली बायको आणि अर्धवट बांधलेलं घर.

त्या घरासाठीच मी इथवर आले. माझे वडील गेले तेव्हा आमचं घर जोत्यावरून वर आलं होतं, स्लॅब पडायचा होता. खांबांतून वर आलेल्या सळ्या पुढची चार वर्षं पावसात गंजत राहिल्या. आईने त्यांना वाळत घालायची दोरी बांधली होती. गंजाचे डाग पडतात म्हणून दोरीच्या टोकांना ती जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळायची. अडीच हजार वर्षांहून जुन्या काव्यात कोणाला तरी मेलेल्या शिपायाच्या घराचं बांधकाम आठवावं, याने मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाही रडले होते.

होमर त्या बायकोचं नावही सांगत नाही. पुढच्या कवींनी तिला लाओदामिया म्हटलं. देवांनी तिच्यासाठी त्याला पाताळातून तीन तासांपुरतं परत धाडलं, आणि तो पुन्हा गेल्यावर तिनेही जीव दिला, अशी कथा सांगितली.

टेकाडावर वाळकं गवत होतं, पायाखाली जुन्या खापऱ्या. एक उचलली. अंगठ्याएवढी, एका बाजूने काळपट, कडेला बोटाने दाबल्यासारखी खळगी. पुन्हा होती तिथेच ठेवली. समोर निळं पाणी, आणि साधारण चार किलोमीटरवर आशियाचा किनारा, ट्रॉयची सपाटी. खालच्या शेतातले एक आजोबा वर आले. त्यांच्या थर्मासमधला चहा आम्ही आळीपाळीने एकाच पेल्यातून प्यायलो. मी जमिनीकडे बोट दाखवून "काराआच?" विचारलं. त्यांनी हाताने झाडाचा आकार काढून दाखवला. काराआच म्हणजे एल्मचं झाड, तेपे म्हणजे टेकडी. माझ्या अंगावर काटा आला. कारण प्लिनी या जुन्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, की प्रोटेसिलाओसच्या थडग्याजवळची झाडं ट्रॉय दिसेल इतकी उंच झाली की वाळतात आणि पुन्हा नव्याने वाढू लागतात. इतर जुन्या लेखकांनी ती झाडं एल्मची म्हटलीयत.

आपल्याकडे वेशीवरच्या वीरगळाला शेंदूर लागतो, तसा इथेही या वीराचा मान होता. जवळच्या एलेउस गावात त्याचं देऊळ होतं. अर्तायक्तेस या पर्शियन सुभेदाराने त्यातला खजिना लुटला, इ.स.पू. ४७९ मध्ये अथेन्सवाल्यांनी त्याला फळीवर ठोकून मारलं. इ.स.पू. ३३४ मध्ये आशियात उतरण्याआधी सिकंदराने इथे बळी दिला. आपलं उतरणं याच्यापेक्षा सुखरूप व्हावं, एवढंच त्याचं मागणं.

पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या २५ एप्रिलला, इथून जवळच, सेद्दुलबाहिरच्या वाळूवर, ब्रिटिश फौज उतरली. होड्यांमधून आधी उतरलेल्यांपैकी कितीतरी जण पाण्यातच पडले. तिथल्या हेलेसच्या युद्धस्मारकावर २० हजारांहून जास्त नावं आहेत, त्यांत या मोहिमेत पडलेले आपले भारतीय शिपाईही आहेत. ती नावं वाचायला मी तासभर उभी होते. टॅक्सीवाला बिचारा काही बोलला नाही.

निघताना आजोबांनी चार टोमॅटो हातात कोंबले, पैसे घेईनात. रात्री आईला फोन केला, सगळं सांगितलं. तिने राजाबद्दल काही विचारलं नाही, सिकंदराबद्दलही नाही.

"मग ते घर पुढे कोणी पुरं केलं गं?"

होमरने सैन्याचं सांगितलंय, ते धाकट्या भावाने, पोदार्केसने सांभाळलं. घराचं नाही सांगितलं.