वाय-फायला मोबाइल क्रमांकाचा पासवर्ड नको

घरी नवी फायबर जोडणी येते, जोडणी करणारा कर्मचारी पासवर्ड काय ठेवू म्हणून विचारतो आणि घरातले कोणीतरी, सगळ्यांच्या लक्षात राहावा म्हणून, आपला मोबाइल क्रमांक सांगून मोकळे होते. ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात धोका असेल अशी शंकाही फारशी कोणाला येत नाही, आणि त्याचीच मला काळजी वाटते.

अजूनही असंख्य घरांत डब्ल्यूपीए2 ही 2004 मध्ये आलेली सुरक्षापद्धत वापरात आहे. फोन राउटरला जोडला जाताना पासवर्ड स्वतः हवेतून जात नाही. मात्र त्या वेळी दोहोंमध्ये जी पडताळणी होते, ती जवळपासच्या कोणालाही टिपून ठेवता येते आणि नंतर दूर कुठेतरी बसून एकेक संभाव्य पासवर्ड तिच्याशी ताडून पाहता येतो. हे प्रयत्न राउटरपर्यंत पोहोचतच नसल्यामुळे तो ते अडवू शकत नाही. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक दहा अंकी असतात आणि 6, 7, 8 किंवा 9 या अंकाने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर 400 कोटी. संगणकावरील खेळांसाठी विकले जाणारे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो शक्यता तपासते, त्यामुळे सगळे क्रमांक पडताळून व्हायला काही तास पुरतात. सोसायटीतल्या शेजाऱ्यांना तर तेवढेही कष्ट नकोत, कारण तुमचा क्रमांक त्यांच्याकडे असतोच.

पासवर्ड 63 अक्षरांपर्यंत लांब ठेवता येतो, या सवलतीचा फायदा घ्यावा. शब्दकोश कुठेही उघडून सापडलेले, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर ते आजीच्याही लक्षात राहतात आणि शोधणाऱ्याला मात्र सहजी सापडत नाहीत. म्हणी, देवांची नावे, आडनाव आणि जन्मवर्ष हे सर्व टाळावे.

पासवर्ड उत्तम असूनही डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन फोन जोडण्याची सोय, चालू राहिली, तर मागचे दार उघडे राहू शकते. तिचा पिन आठ अंकी असला तरी शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरतो आणि राउटर पहिले चार अंक वेगळे तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत तो हाती लागतो, हे 2011 मध्येच उघड झाले होते. ही सोय बंदच ठेवावी.

2008 च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी पाठवलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका रहिवाशाच्या वाय-फायवरून गेला होता, आणि चौकशी साहजिकच आधी त्या घरापाशी पोहोचली. आपल्या जोडणीवरून दुसऱ्याने काही केले, तर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जातो.

राउटरवर डब्ल्यूपीए3 असेल तर तेच निवडावे; 2018 मध्ये आलेल्या या पद्धतीत प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच संपर्क साधावा लागतो. जुने फोन चालावेत म्हणून दोन्ही पद्धती चालणारा मिश्र पर्याय ठेवला, तर मात्र लांब पासवर्डाची गरज कायम राहते. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलावा. 2016 मध्ये मिराई या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. ज्या राउटरला आता सॉफ्टवेअरच्या सुधारणा मिळत नाहीत, तो सेवा देणाऱ्या कंपनीचा असेल तर तिच्याकडून बदलून मागावा.