राइडवरची जोडी: चौदा आठवड्यांची वही

काल संध्याकाळी राइडवर (ड्रमसेटची उजव्या हाताची मोठी झांज) २१२ बीपीएम (मिनिटाला मात्रा), सलग दोन मिनिटं, हात न आखडता. मार्चअखेर हाच आकडा १४८ होता आणि चाळिसाव्या सेकंदाला कोपराखाली कुणी दगड बांधल्यासारखं व्हायचं. पॅडवर (सरावाची रबरी गादी) आता २४० जातंय, पण पॅडचा आकडा मी हिशेबात धरायचं सोडलंय. का, ते पुढे येईलच.

मूळची मी ताशावाली. पुण्यात पथकात अकरा वर्षं ताशा वाजवला. म्हणजे हातात काड्या धरायची सवय जुनी, आणि खरं सांगायचं तर तीच नडली. ताशाचं पान कडक ताणलेलं असतं, काड्या बारीक आणि लवचिक, उसळी फुकट मिळते. पण मिरवणुकीत पन्नास ढोलांच्या वर ऐकू जायचं असतं. तासन्‌तास तर्री (मिसळीवरची नव्हे, ताशावरचे सलग जलद ठोके) वाजवून हात एकच गोष्ट शिकतो: प्रत्येक ठोका आपण मारायचा. ड्रमसेटवर रॉक वाजवताना तीन वर्षं हे खपून गेलं. जॅझ सुरू केलं आणि राइडवर उघडी पडले.

पॅटर्न सगळ्यांना माहीत आहे. टिंग, टिंग क-टिंग, टिंग क-टिंग. १९४० च्या आसपास जॅझ ड्रमर केनी क्लार्क यांनी लय धरायचं काम पायानं वाजणाऱ्या बास ड्रमवरून उचलून राइडवर नेलं, तेव्हापासून ते उजव्या हाताच्या गळ्यात पडलं आहे. त्यातला ‘क’ लिहिताना मागच्या मात्रेत येतो, पण हाताला तो पुढच्या टिंगशी चिकटलेला लागतो. ‘क-टिंग’ ही जोडी. दोन ठोके जवळजवळ, मग भरपूर मोकळी जागा. मी अडकत होते ती या जोडीत. लय वाढली की दुसरा ठोका मनगटानं मारायला जायचे, मनगट वर यायला वेळ नसायचा, मग खांदा मदतीला यायचा. खांदा आला की खेळ खलास.

आठवडे १ ते ४: मोलर

सुरुवात मोलरपासून केली, कारण माझ्या शिक्षकाचा तोच हट्ट. हा मुलगा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो आणि जराही दया दाखवत नाही. सॅनफर्ड मोलर यांनी अमेरिकी यादवी युद्धातल्या जुन्या ड्रमवादकांचे हात पाहून ही पद्धत मांडली, त्यांचं पुस्तक १९२५ चं. पुढे जिम चॅपिन यांनी ती ड्रमसेटवाल्यांपर्यंत पोचवली. कल्पना अशी की एका झटक्यात तीन ठोके बसवायचे: पहिला चाबकासारखा खाली, दुसरा खालीच राहून हलका, तिसरा हात वर जाता जाता. तिसऱ्यात मनगट आधी वर निघतं आणि स्टिकचं टोक मागे राहून जाता जाता पानाला लागतं.

राइडवर हे तीन ठोके म्हणजे २, ‘क’, ३. मग ४, ‘क’, १. यातली गंमत अशी की चाबूक आपोआप २ आणि ४ वर पडतो आणि जॅझला थोडं वजन तिथेच हवं असतं. वेगळा जोर द्यावा लागत नाही. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पोळपाटावर लाटण्यानं वाजवून दाखवलं. घरात कुणाला फरक कळला नाही.

१५० ते १७० पर्यंत मोलर मस्त. त्यापुढे माझा हात त्या वर-खाली लाटेत मागे पडायला लागला. चूक पद्धतीची म्हणणार नाही. माझी लाट फार मोठी होती, मिरवणुकीतली.

आठवडा ५: दुखणं

उजव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला, कोपराखाली चार बोटं, सकाळी चहाचा कप उचलताना कळ. सहा दिवस स्टिक बंद. हे ठळक लिहून ठेवतेय कारण आपल्यातले बरेच जण अशा वेळी ‘थोडं वॉर्म-अप कमी पडलं’ म्हणून रेटत राहतात. माझ्या बाबतीत कारण साधं निघालं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये मी स्टिक आवळत होते. व्हिडिओत अंगठ्याचं नख पांढरं दिसत होतं!

सुट्टीनंतर टेकू बदलला. अंगठा आणि मधलं बोट यांच्यामध्ये स्टिक, तर्जनी नुसती सोबतीला. मग चाचणी: मी वाजवत असताना भाच्यानं मागून स्टिक ओढायची, ती निघून आली पाहिजे. पहिल्या दिवशी स्टिकसोबत मीच खुर्चीवरून ओढली गेले. आठव्या दिवशी स्टिक अलगद त्याच्या हातात गेली आणि तो ती घेऊन पळाला.

आठवडे ६, ७

विशेष काही नाही. १२० वर कंटाळा. डाव्या हाताला ट्रॅडिशनल पकड लावून पाहिली आणि सोडली. ती पकड आली सैनिकी ड्रममुळे: पट्ट्यावर लटकवलेला ड्रम एका बाजूला कलतो, म्हणून डावा हात खालून. माझा ताशा अकरा वर्षं पोटासमोर आडवा होता, माझा स्नेअरही (ड्रमसेटमधला समोरचा छोटा ड्रम) आडवाच आहे. दिसायला ती पकड सुंदर, ते मान्य.

आठवडा ८: फ्रेम मोजल्या

या आठवड्यात सगळं फिरलं. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन लावून २०० बीपीएमवरचा हात टिपला आणि फ्रेम मोजत बसले. रविवार सकाळ गेली. २०० ला एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची, म्हणजे ७२ फ्रेम. ट्रिपलेटच्या (मात्रेचे तीन सारखे भाग) हिशेबानं ‘क’ ते टिंग हे अंतर २४ फ्रेम हवं, १०० मिलिसेकंद. माझं भरलं ३१. म्हणजे ४१ आणि ३१. याला स्विंग (जॅझची लांब-आखूड, झोकदार चाल) म्हणायचं तर बैलगाडीला एक्सप्रेस म्हणावं लागेल.

शिक्षकाला आकडे पाठवले. त्याचा उलटा प्रश्न: ‘ताई, ३०० बीपीएमला किती फ्रेम हव्यात?’ मी सरळ भागाकार केला: मात्रा २०० मिलिसेकंद, तिसरा भाग साधारण ६७, म्हणजे १६ फ्रेम. तो म्हणाला, चूक. आणि मला अँडर्स फ्रीबर्ग आणि आंद्रेआस सुंडस्ट्रॉम या स्वीडनमधल्या संशोधकांच्या २००२ च्या अभ्यासाकडे पाठवलं. त्यांनी रेकॉर्डिंगमधले नावाजलेल्या ड्रमरांचे राइड ठोके मोजले, त्यात टोनी विल्यम्सही आहेत. निष्कर्ष असा की मध्यम ते जलद लयीत ‘क’ ते टिंग हे छोटं अंतर जवळपास तेवढंच राहतं, सुमारे १०० मिलिसेकंद. लय वाढते तसं आकसतं ते दुसरं, मोठं अंतर.

आता हे मांडून बघा. २०० ला २०० आणि १००, म्हणजे पुस्तकी ट्रिपलेट. २४० ला मात्रा २५० ची, म्हणून १५० आणि १००. ३०० ला १०० आणि १००, म्हणजे दोन्ही भाग सारखे, स्विंग सरळ झालेला. जलद बीबॉप (जॅझची एक शैली) ऐकताना राइड सपाट का वाटते आणि तरी ती चालते का, याचं माझ्यापुरतं कोडं इथे सुटलं. मी १६ फ्रेमच्या मागे लागले होते. त्या दिशेला कुणी जातच नव्हतं.

मला यातून मिळालं ते हातासाठी. दर लयीला नवी जोडी शिकायची नाही. एकच जोडी, एकच उसळी, २४ फ्रेमची. लय बदलेल तशी फक्त मधली वाट पाहणं बदलायचं. तबला शिकलेल्यांना हे पटायला सोपं जाईल: ‘तिरकिट’ बोटांत एकदा बसलं की ते तुकडा म्हणून येतं, चार वेगळे बोल म्हणून कुणी वाजवत नाही.

आठवडे ९ ते ११: सोड आणि झेल

जोडीसाठी पुश-पुल घेतलं, माझ्या भाषेत सोड-झेल. पहिला ठोका, ‘क’: मनगट थोडं खाली पडतं, मागची बोटं उघडतात, स्टिकचं बूड तळव्यापासून सुटतं. दुसरा, टिंग: स्टिक उसळून वर येत असतानाच बोटं मिटतात, बूड तळव्याकडे ओढलं जातं आणि टोक पुन्हा खाली जातं. त्याच वेळी मनगट वर. दुसऱ्या ठोक्याला मनगट मारत नाही, उलट निघून जात असतं. जॅझ ड्रमर जो मोरेलो यांच्या हातात हे फार स्वच्छ दिसतं. ते जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे विद्यार्थी, बिली ग्लॅडस्टोन यांच्याकडेही शिकले. (१९५८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांच्या क्वार्टेटबरोबर मोरेलो मुंबईत येऊन गेले होते. माझ्या जन्माआधीची गोष्ट, तरी दर वेळी हळहळ वाटते.)

सराव असा: मेट्रोनोम ६० वर, दर ठोक्याला एकच जोडी, टिंग ठोक्यावर. ‘क-टिंग.’ थांबा. ‘क-टिंग.’ थांबा. थांबताना बोटं मिटलेली पण सैल. रोज दहा मिनिटं, नुसतं एवढंच. दिसायला मूर्खपणा. उशीवर करू नका, तो सल्ला सगळीकडे फिरतो. उशीवर उसळी नसते, तिथे मनगट घडतं, पण इथे मनगटालाच तर रजा द्यायची आहे. रबरी पॅड हवं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘तुमच्याकडे गॅसचा लायटर बिघडलाय का गं? सारखं टक-टक करतेस.’

करंगळी सर्वांत उशिरा जागी झाली. पहिले दहा दिवस ती बाहेर, पाहुण्यासारखी ताठ. तिला मुद्दाम आत घेतलं की बाकीची बोटं आवळायची. शेवटी उपाय निघाला तो अंगठा वरच्या बाजूला ठेवण्याचा, फ्रेंच पकडीकडे थोडं झुकून. तळवा आतल्या बाजूला वळला की बोटांना आत-बाहेर करायला मोकळी वाट मिळते. अकराव्या आठवड्याअखेर पॅडवर २२०, फ्रेम २३ ते २६. मी खूश.

आठवडा १२: झांज ती झांजच

मग पॅडवरून राइडवर गेले आणि २२० चे १७० झाले.

पॅड स्टिक परत फेकतं. झांज फेकत नाही, ती स्वतःच डोलते. ‘क’ पडला की वीस इंची राइड खाली जाते, टिंगच्या वेळी ती वर येत असेल तर ठोका लवकर लागतो, खाली जात असेल तर उशिरा. दोन दिवस हाताला दोष देऊन झाल्यावर स्टँडकडे पाहिलं. वरचा नट मी पिळून घट्ट केला होता आणि झांज माझ्याकडे भलतीच कललेली होती, रॉकच्या दिवसांतली. नट सैल केला, झांज जवळपास आडवी आणली, उंची इतकी कमी केली की कोपर अंगाशी लटकत राहील. ठोक्याची जागा कडेपासून आत, पण मधल्या घुमटापासून लांब. स्टिक ५ए वरून बारीक ७ए वर आणली, टोक लाकडीच. त्याच संध्याकाळी १७० चे १९४. चौदा आठवड्यांतली सर्वांत मोठी उडी, आणि ती पान्यानं मिळाली, हे जरा लागलंच.

आठवडे १३, १४

राइड एकटी चालते. पायानं हाय-हॅट (पेडलवर मिटणारी झांजांची जोडी) २ आणि ४ ला लावली की १९० च्या पुढे ‘क’ पुसट होतो, कधी गायबच. डाव्या हातानं स्नेअरवर एखादी टिचकी मारली तर उजवा हात तिच्याकडे पाहत थांबतो. कालचे २१२ हे फक्त उजवा हात आणि हाय-हॅट मिळून आहेत, तेही पाचव्या प्रयत्नात. डावा हात धरून प्रामाणिक आकडा १७६.

एक उलटा शोधही लागला: हळू लय आता आधीपेक्षा वाईट आहे. ७० बीपीएमला सोड-झेल वापरलं तर जोडी घाईची वाटते, कारण हाताला २४ फ्रेमची चटक लागलीय आणि तिथे अंतर बरंच मोठं हवं. तिथे दोन्ही ठोके वेगवेगळे, मनगटानं, सावकाश ठेवावे लागतात. म्हणून पुढचा महिना ६० ते ९० मध्येच काढणार आहे.

अडचण एकच. पुढच्या रविवारपासून नदीपात्रात पथकाचा सराव सुरू होतोय आणि यंदा नव्या मुलींचा ताशा माझ्याकडे दिलाय. पहिल्याच दिवशी अंगठ्याचं नख पांढरं होणार, मला माहितीये. भाच्याला सांगून ठेवलंय, तिकडे येऊन मागून काडी ओढायची.