जुन्या ट्रम्पेटचा माउथपीस

गणपती तोंडावर आले होते आणि लग्नाच्या बँडमधून निवृत्त झालेल्या एका काकांकडून मी त्यांचा मेरठचा ट्रम्पेट विकत घेतला. वाद्य ठणठणीत, पण माउथपीस, म्हणजे ओठ टेकवून फुंकायचा सुटा तुकडा, नळीत गच्च रुतलेला. काका म्हणाले, "पक्कडीनं पीळ की, निघतोय!" मी नाही पिळला. माउथपीस निमुळता असतो, तसाच निमुळत्या नळीत बसतो. पिळायला गेलं की आधी नळीचं झाळकाम सुटतं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे पुलर असतो, रुतलेला माउथपीस सरळ ओढून काढायचं अवजार. त्यानं तो लावला, दोन्हीकडचे स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळले आणि टक् करून माउथपीस हातात.

उजेडाकडे धरून पाहिला. ट्रम्पेटच्या नेहमीच्या माउथपीसचं भोक जेमतेम साडेतीन-पावणेचार मिलिमीटरचं. इथं चंद्रकोरच दिसत होती. वर्षानुवर्षांची थुंकी, चहा, वरातीतले पेढे, सगळं आत थिजलेलं. तार घालून टोकरायचा मोह होतो, पण भोकाला ओरखडा गेला की तो कायमचा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून भिजत ठेवला, मग निमुळत्या ब्रशनं दोन्ही बाजूंनी घासला. हिरवट-राखी गाळ आला. वास विचारू नका.

बाहेरून मात्र काळाच. आई चिंच आणि पितांबरी घेऊन आली. घरातल्या समईला ते ठीक, पण याच्यावर चांदीचा पातळ मुलामा असतो. पावडर तो खरवडते, आणि आंबटात जास्त वेळ राहिलं तर उघड्या पितळेतलं जस्त निघून गुलाबी डाग पडतात. हा काळेपणा म्हणजे चांदीवर बसलेलं सल्फाइड. वाडग्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरलं, त्याला टेकवून माउथपीस ठेवला, वर खायचा सोडा आणि गरम पाणी. सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि बघता बघता चांदी उजळली. (हे फक्त माउथपीससाठी. वाद्याच्या लाखेवर गरम पाणी ओतू नका.)

उजळल्यावर कळलं, ओठ टेकतात त्या कडेवरचा मुलामाच उडालाय, खाली पिवळं पितळ. कल्हई गेलेल्या भांड्यात आपण ताक ठेवत नाही, मग हे ओठाला कशाला? काहींचे ओठ अशानं चुरचुरतात. चांदीचं पाणी चढवून घेतलं. देताना बजावलं की कड बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) घासू नका, तिची गोलाई जराशी बदलली तरी ओठांना लगेच कळतं.

आता वाजवण्याआधी चूळ भरते, वाजवून झालं की माउथपीस कोमट पाण्याखाली धरून पुसते. आठवड्याला ब्रश. आणि पथकातल्या पोरांनी गंमत म्हणून माउथपीसवर तळहात आपटून "पॉप" आवाज काढला की मी खेकसते, कारण तो रुततो तो त्यानंच.