दंड ४१, पट्टा ३४: शर्यतीआधीचे सोळा दिवस

शर्यत सहा तास चाळीस मिनिटांत संपली. तिच्या मेडिकल सर्टिफिकेटला सोळा दिवस लागले. त्यामुळे इथे डोंगर, सायकल, कयाक यांच्याआधी दवाखाना येणार, त्याला इलाज नाही.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरच्या एका जिममधले चौघं. तीन पुरुष, एक बाई, म्हणजे मिक्स्ड गट. शर्यत कर्जतच्या बाजूला: १२ किलोमीटर डोंगरातली चाल, २६ किलोमीटर सायकल, २ किलोमीटर कयाक आणि या सगळ्यात नकाशावरून शोधायचे १४ चेकपॉइंट. नोंदणी, पैसे, टी-शर्टची मापं हे सगळं वीस मिनिटांत उरकलं. मग फिटनेसचा फॉर्म उघडला.

फॉर्म एकच पान. नाव, वय, रक्तगट, उंची, वजन, बीएमआय, नाडी, रक्तदाब. वय ४० च्या पुढे असेल तर ईसीजी. खाली डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. आणि सगळ्यात तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, तीन अटी: डॉक्टर एमबीबीएस किंवा त्यापुढचे हवेत, सर्टिफिकेट शर्यतीच्या दिवशी ३० दिवसांपेक्षा जुनं नको, रक्तदाब १४०/९० च्या खाली हवा. त्या तीन ओळी आम्ही वाचल्याच नाहीत.

सोमवारी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि रात्री चौघांचीही सर्टिफिकेटं शर्यतीच्या पोर्टलवर चढवली. गल्लीतले आपले डॉक्टर बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएस असतात. तापही तेच बघतात, शाळा-ऑफिसचे दाखलेही तेच देतात, पाटीवरची डिग्री कोण वाचतो? गुरुवारी चारही परत आली. कारण एका ओळीचं: ‘डॉक्टरांची पात्रता अमान्य’. या पोर्टलची खोड अशी की फाइल टीमची असते. चौघांच्या नावापुढे हिरवी खूण आल्याशिवाय बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर, मिळत नाही, आणि एकाचं परत आलं की अख्खी टीम पुन्हा ‘प्रलंबित’. प्रत्येक तपासणीला कामाचे दोन-तीन दिवस, शनिवार-रविवार धरायचे नाहीत. गणित इथेच बिघडतं.

मध्ये एका सरकारी दवाखान्यातही डोकावून झालं. केसपेपर काढला, दीड तास बाकावर बसलो, मग कळलं की तिथे नोकरीचा आणि रजेचा दाखला मिळतो, शर्यतीचा नमुना त्यांच्याकडे नाही. हा प्रश्न केसपेपरच्या खिडकीवरच विचारायचा असतो.

शनिवारी एमडी फिजिशियन गाठले. तिघांच्या सह्या झाल्या. चौथा, आमच्यातला सगळ्यात दणकट गडी, १७८ सेंटिमीटर, ९२ किलो, त्याचा रक्तदाब निघाला १५४/९६. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पेन ठेवलं ते बरोबरच केलं, पण आकडा वर जायची निम्मी कारणं आम्हीच सोबत नेली होती. गडी जिममधून थेट आलेला. त्याआधी प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरचा, एक स्कूप, त्यात २०० मिलिग्रॅम कॅफीन. दुसऱ्या मजल्यावरचा दवाखाना, लिफ्ट बंद, आणि नंबर आल्या आल्या थेट खुर्चीत. शिवाय पट्टा फुगत असताना डॉक्टरांना शर्यतीचा मार्ग समजावून सांगणं चालू!

रक्तदाब मोजायचा असेल तर त्या दिवशी स्कूप नाही, व्यायाम नाही. निदान अर्धा तास आधीपासून चहासुद्धा नाही. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीत. तोंड बंद. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायला सांगायचं.

हे सगळं पाळून सोमवारी परत गेलो. १४२/९०. म्हणजे दोन आकड्यांनी पुन्हा नापास. ‘गोळी सुरू करायची का?’ इथपर्यंत गोष्ट आली.

खरा घोळ कुठे होता तो मंगळवारी दुसऱ्या दवाखान्यात कळला, हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे. त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी गड्याच्या दंडाला टेप लावली. ‘एकेचाळीस! तुम्हाला कुठल्या पट्ट्याने मोजलं आतापर्यंत?’ बीपीच्या पट्ट्याला कफ म्हणतात, पण आपल्याकडे कफ म्हटलं की लोक छातीत शोधतात, म्हणून पट्टाच म्हणू. साधा मोठ्यांचा पट्टा २७ ते ३४ सेंटिमीटर दंडासाठी असतो. ३५ ते ४४ साठी मोठा पट्टा वेगळा येतो. पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भागाला वेढायला हवी. ती तोकडी पडली तर दाब एकाच जागी येतो, आतली रक्तवाहिनी दाबली जायला जास्त हवा भरावी लागते, आणि मशीन तो जादा दाबही रक्तदाब म्हणून दाखवतं. म्हणजे जिममध्ये तीन वर्षं घाम गाळून दंड कमवायचा आणि त्याची शिक्षा दवाखान्यात भोगायची.

मोठा पट्टा बांधला: १३२/८४. सही झाली.

ही गोष्ट जिमवाल्यांनी पाठच करावी. माप घेताना हात सैल सोडायचा, खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर टेप. दंड फुगवायचा नाही, ही सवय सुटता सुटत नाही हे मान्य. ३४ च्या वर माप आलं तर अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा, ‘मोठा पट्टा आहे का?’ एका ठिकाणी आम्हाला उत्तर मिळालं, ‘मशीन नवीनच आहे.’ तो नकार समजायचा. पट्ट्यावरच माप छापलेलं असतं, आणि आतल्या बाजूला दोन रेघा असतात. बांधल्यावर पट्ट्याची खूण त्या दोन रेघांच्या मध्ये यायला हवी. बाहेर गेली तर पट्टा तुमचा नाही. घरी मशीन असेल तर त्याच्यासोबतचा पट्टा बरेचदा २२–३२ चा असतो, २२–४२ चा वेगळा विकत मिळतो. आणि मोठ्या पट्ट्यानेही, सगळं नीट पाळूनही आकडा वरच येत असेल तर मात्र तो खरा असण्याची शक्यता मोठी. मग सही देणारा डॉक्टर शोधत फिरू नका, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून आकडे लिहा आणि ते घेऊन औषधाचं बोला.

वाटलं सुटलो. मंगळवारी रात्री चौघांचे कागद पुन्हा चढवले, शुक्रवारी दोन परत.

एकाचं कारण: ‘शिक्का दिसत नाही’. शिक्का होता, जांभळ्या शाईचा, थोडा फिकट. फोनच्या स्कॅनिंग ॲपने कागद काळा-पांढरा केला आणि पार्श्वभूमी साफ करताना जांभळा शिक्काही साफ केला. स्कॅन रंगीत ठेवा. फाइल ५०० केबीच्या आत बसत नसेल तर रिझोल्यूशन कमी करा, रंग काढू नका. शिक्का सहीवर किंवा नोंदणी क्रमांकावर मारू देऊ नका, बाजूला कोरी जागा दाखवा. क्रमांक शिक्क्यात असला तरी हातानेही लिहून घ्या. नावही आधारवर आहे त्याच क्रमाने. आपल्याकडे कागदावर आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, पोर्टलला ती वेगळी व्यक्ती वाटते.

दुसरं परत आलं ते आमच्यातल्या बाईचं. वय ४३, म्हणून ईसीजी. त्या अर्धमॅरेथॉन पळतात, बसल्या जागी नाडी ५२. मशीन ६० च्या खाली काहीही दिसलं की कागदाच्या डोक्यावर छापतं, ‘सायनस ब्रॅडीकार्डिया’, म्हणजे संथ नाडी. तपासणाऱ्याने फक्त ती छापील ओळ वाचली. नियमित पळणाऱ्याची नाडी संथ असणं हे बहुतेक वेळा हृदय तयार असल्याचं लक्षण असतं, पण हे मशीनला कोण सांगणार? डॉक्टरांकडून ईसीजीच्या कागदावरच एक ओळ लिहून आणली: नियमित धावपटू, विश्रांतीची नाडी संथ, लक्षणं नाहीत, शर्यतीस हरकत नाही. खाली सही. ही ओळ पहिल्या दिवशीच लिहून घेतली असती तर चार दिवस वाचले असते.

शनिवारी चढवलं, मंगळवारी हिरवं झालं. सोळावा दिवस. ३० दिवसांची अट आणि तपासणीचे हे दोन-तीन दिवस मिळून हिशेब असा बसतो: तपासणी शर्यतीच्या २८ ते २२ दिवस आधी करायची. त्याआधी केली तर कागद शिळा व्हायची भीती, नंतर केली तर कागद परत आल्यावर हाताशी दिवस कमी. (काही ठिकाणी रक्ताच्या चाचण्याही मागतात. तसं असेल तर आधीचा आठवडा जड लेग-डे, म्हणजे पायांचा जड व्यायाम, नको. स्नायू दुखावले की रक्तातले सीपीके आणि एसजीओटी हे आकडे चढतात आणि कोणीतरी तुमचं यकृत तपासायला निघतं.)

आता शर्यत. जिमची ताकद चढाला पुरते, उताराला नाही. लेग प्रेसवर ३०० किलो ढकलणारा गडी घसाऱ्यावर पहिल्या दहा मिनिटांत बसून उतरायला लागला. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना भार घेतात, आणि मशीनवर आपण ते नेमकं घाईत सोडून देतो. दोन महिने आधीपासून आठवड्यातून दोनदा सोसायटीचा जिना, पाठीवर ६ ते ८ किलो, चढताना लिफ्ट आणि उतरताना पायऱ्या. लोक हसतात. हेडलॅम्पची सवयही याच जिन्यात, दिवे बंद करून. ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलात सकाळी उजाडल्यावर जा. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि अंधार पडल्यावर ती बिबट्याची जागा आहे. सायकलच्या चढासाठी खारघरच्या टेकडीचा डांबरी रस्ता बरा.

नकाशा १:२५,००० होता, म्हणजे ४ सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या, रेषांचं टोक चढाच्या दिशेला गेलं तर ओढा, उताराच्या दिशेला आलं तर सोंड. चौदापैकी तीन चेकपॉइंट आम्ही याच उलटसुलट वाचण्यात घालवले. होकायंत्राची मुंबईच्या पट्ट्यात फारशी कटकट नाही, खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक आहे. पण होकायंत्र फोनच्या खिशात ठेवू नका, फोनमधल्या चुंबकाने सुई बिघडते. आणि ढोरवाट रुंद दिसते म्हणून तिच्या मागे जाऊ नका, ती पाणवठ्यावर जाते, चेकपॉइंटवर नाही.

चौघांमध्ये ५० मीटरपेक्षा जास्त अंतर पडलं तर वेळेचा दंड. त्यामुळे वेग सगळ्यात हळू असणाऱ्याचाच असतो. पहिल्या तासातच त्याच्या पाठीवरचं सामान इतरांत वाटून टाका, तो नको म्हणेल तरी.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरलाच, अर्ध्या लिटरला नाही. दाट केलं तर पोट ढवळतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पुरतात, प्रोटीन बार घरी ठेवा. राजगिऱ्याचा लाडू धापा टाकताना घशात अडकतो. चिक्की आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे चालले.

सायकलींची चाकं तीन मापांची होती, २६, २७.५ आणि २९ इंच, म्हणून सुटे ट्यूबही तीन मापांचे न्यावे लागले. व्हॉल्व्ह दोन प्रकारचे असतील तर पंपाचं तोंड आधी घरी लावून बघा. गाडीत घालताना पुढचं चाक काढलंत आणि ब्रेक हायड्रॉलिक असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. कोणीतरी हौसेने ब्रेक दाबतोच, मग पॅड चिकटतात आणि पार्किंगमध्ये पहाटे चार वाजता पेचकसाने ते उघडत बसावं लागतं. पेडल काढायचं असेल तर डावीकडचं उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. १५ मिलिमीटरचा पाना लागतो.

पायाची नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही. टाचेला मायक्रोपोर टेप फोड यायच्या आधी लावायचा.

हो, एक राहिलंच. सर्टिफिकेटवर रक्तदाबाच्या आकड्याशेजारी डॉक्टरांकडून ‘मोठा पट्टा, दंड ४१ सेंमी’ एवढं लिहून घ्या. बिब घेताना तिथल्या वैद्यकीय टेबलावर पुन्हा मोजतात, आणि त्यांच्याकडे साधाच पट्टा असतो. आमच्या गड्याचा तिथे १४४ आला. त्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरची ती ओळ वाचली, दंडाकडे एकदा बघितलं आणि बिब पुढे सरकवला.